अठ्ठेचाळीस ओळींचा हत्ती

मामा अमेरिकेहून येताना साबण, चॉकलेटं आणि अम्मासाठी नायलॉनची साडी आणणार, हे आमच्या गल्लीनं परस्पर ठरवून टाकलं होतं. साडी नव्हतीच. साबणाच्या दोन वड्या निघाल्या, त्याही दबून चपट्या झालेल्या. बाकी सगळी जागा तीन खोक्यांनी आणि एका जड लोखंडी डब्यानं खाल्ली होती. मामांनी ती खोकी टांग्यातून स्वतः उतरवली, हमालाला हात लावू दिला नाही, आणि आमच्या पुढच्या खोलीतल्या ट्रंकेवर एकेक करून मांडली. एक होता जाडजूड टाइपरायटरसारखा, पण कागद घालायची जागाच नसलेला. दुसरी काचेची पेटी. तिसरा साधा टेपरेकॉर्डर, तो मात्र आम्ही ओळखला. अम्मानं विचारलं, ह्यावर गाणी लागतात का? मामा म्हणाले, नाही अक्का, हा कॉम्प्युटर आहे. अम्मा बरं म्हणाली आणि भात बघायला आत गेली.

घरात आम्ही तेलुगू बोलायचो. वडिलांना नायना म्हणायचो, आईला अम्मा. इथं मी सगळं मराठीत लिहिते आहे, कारण आता माझं स्वतःशी बोलणंही मराठीतच होतं, आणि अम्मा असती तर त्यावरून तिनं मला चांगलं सुनावलं असतं. सोलापूरच्या पूर्व भागात दोन खोल्यांचं आमचं घर. दोन्ही बाजूंना माग, समोर माग, मागच्या बोळातही माग. त्यांचा खटखटाट थांबला की वीज गेली हे कळायचं, दिव्याकडे बघावं लागायचं नाही. पुढच्या खोलीत नायनांचं पंचिंगचं मशीन होतं. सोलापुरी चादरीवर जी नक्षी येते ती आधी बारीक चौकटींच्या कागदावर लाल रंगानं भरतात, आणि मग त्या कागदाच्या एकेका ओळीचं एकेक पुठ्ठ्याचं कार्ड करतात. जिथं लाल घर तिथं भोक, जिथं कोरं घर तिथं काही नाही. ती कार्डं दोऱ्यानं ओवून मागावर चढवली की मागाला कुठला धागा उचलायचा ते कळतं. एका चादरीला शेकड्यांनी कार्डं लागायची. नायना ती ठोकायचे, आणि त्यांचं काम इतकं चोख होतं की होटगीपर्यंतचे कारखानदार त्यांना मास्तर म्हणायचे.

बाकीचे पंचिंगवाले स्वतःच कागद वाचत आणि स्वतःच ठोकत. नायनांना ते पटायचं नाही. नजर कागदावरून हाताकडे आली की ओळ निसटते, असं त्यांचं म्हणणं. म्हणून आमच्या घरची रीत वेगळी होती. एकानं वाचायचं, दुसऱ्यानं ठोकायचं. मी सातवीत असल्यापासून वाचणारी मी होते. खिडकीत कागद टाचलेला, हातात पट्टी, आणि मी एका सुरात म्हणत जायची, सोड बारा, घे तीन, सोड एक, घे आठ. सोड म्हणजे कोरी घरं, घे म्हणजे लाल. ओळ संपेपर्यंत मध्ये शिंकायचीसुद्धा चोरी होती. आतल्या दारात अम्मा विड्या वळत बसायची, मांडीवर सूप, सुपात पानं आणि तंबाखू. पंचवीस विड्या झाल्या की जुडी बांधायची, जुडी टोपलीत टाकायची, पुढची विडी घ्यायची. मी वाचतेय, नायना ठोकताहेत, अम्मा वळतेय, असे आमचे दिवसच्या दिवस गेले. तंबाखूचा तो उग्र वास मला आजही कुठं आला तर तोंडात पहिल्यांदा आकडेच येतात.

त्या वर्षी मी बारावी झाले. गणितात मार्क असे पडले की मुख्याध्यापक घरी येऊन चहा पिऊन गेले. पुण्याला इंजिनीअरिंगला जायचं माझ्या मनात होतं, आणि मनात होतं म्हणजे दुसरं काहीच मनात नव्हतं. फॉर्म आणला होता, भरला होता, फक्त पालकाची सही राहिली होती. तो फॉर्म मार्कंडेयाच्या तसबिरीमागे खोचलेला होता आणि रोज सकाळी उदबत्ती लावताना नायनांना दिसत होता. ते बघू म्हणायचे. पैशांचं बघू नव्हतं ते, मला शिष्यवृत्ती मिळणार होती. एकदा फक्त ते स्पष्ट बोलले, तेही माझ्याकडे न बघता. ‘तू गेल्यावर वाचणार कोण?’ माझ्याआधी धाकटे काका वाचायचे, तेव्हा आठवड्याला पाच-पंचवीस कार्डं तरी फुकट जायची. काका आता भिवंडीला होते. मी त्या फॉर्मकडे बघायची आणि मला स्वतःचाच राग यायचा, कारण नायना खोटं बोलत नव्हते.

मामा आठ दिवस राहणार होते. मग पुण्यात कुणाला तरी तो कॉम्प्युटर दाखवून, जमल्यास तिथंच देऊन परत जायचं, असा त्यांचा बेत. आल्या दिवशी अंबाडीचं आंबट वरण आणि शेंगाचटणी पोटभर खाऊन त्यांनी ती जोडणी सुरू केली. तिकडची वीज आपल्या निम्म्या जोराची, म्हणून तो लोखंडी डबा मध्ये लावायचा, नाहीतर सगळं जळून जाईल. बटण दाबलं. काच हळूहळू राखाडी झाली आणि वरच्या कोपऱ्यात इंग्रजीत एकच शब्द उमटला, तयार. नायना हात पुसत येऊन उभे राहिले. केवढ्याला पडतं, हा त्यांचा पहिला प्रश्न. मामा म्हणाले, सहाशे डॉलर, म्हणजे आपले पाच हजारांच्या आसपास, आणि विमानतळावर जकात भरली ती त्याहून जास्त. एवढ्यात जुना का होईना माग येतो, कार्डं वाचणाऱ्या जॅकार्डसकट, एवढं म्हणून नायना खाली बसले.

मग त्यांनी विचारलं, हे करतं काय. मामांनी मोठमोठे गुणाकार करून दाखवले. नायना म्हणाले, गुणाकार पद्दू पण करते. पद्दू म्हणजे मी. मामांनी सांगितलं, ह्याला लक्षात राहतं. किती? चार हजार अक्षरं, त्यातली साडेतीन हजार आपल्याला वापरायला. वीज गेली की सगळं विसरतं, म्हणून टेपवर साठवून ठेवायचं. त्यांनी टेप लावून ऐकवली, तर त्यातून असा कर्कश किंचाळण्याचा आवाज आला की शेजारची राजम्मा काय झालं म्हणून डोकावली. नायना हसू दाबत होते हे मला दिसत होतं. शेवटी मामा नायनांना म्हणाले, बावा, हे चित्रंपण काढतं. आडवी एकशे अठ्ठावीस घरं, उभी अठ्ठेचाळीस. ज्या घरात सांगाल तिथं पांढरा ठिपका उजळतो.

घरं हा शब्द ऐकल्यावर नायना सावरून बसले. त्यांचा पुढचा प्रश्न मामांना अपेक्षित नव्हता. ‘घर चौरस आहे का उभट?’ मामांनी कधी मोजलंच नव्हतं. नायनांनी काचेवर पट्टी लावली आणि म्हणाले, उंचीला दुप्पट आहे, म्हणजे कागदावर बसकं काढलं तरच इथं बरोबर दिसेल. चादरीचंही तसंच असतं, धागे आडवे-उभे सारखे दाट नसतात, कागदावर ठेंगणा दिसणारा मोर मागावर उंच होतो. मामा त्यांच्याकडे बघत राहिले. मला इतका अभिमान वाटला की मी उगाच उठून पाणी पिऊन आले.

त्याच दुपारी नायनांनी एकशे अठ्ठावीस बाय अठ्ठेचाळीसचा कागद आखून त्यावर हत्ती काढला. अंबारीचा, सोंड पुढं केलेला, पायात साखळी. मला मामांनी त्या यंत्राची भाषा शिकवायला घेतली आणि खरं सांगायचं तर मी तेव्हा जेवणखाणही विसरले. दहा-पंधरा शब्दांची ती भाषा. चूक झाली की यंत्र रागवायचं नाही, तीनच गोष्टी म्हणायचं. कळलं नाही तर व्हॉट. कळलं पण करता येत नसेल तर हाऊ. आणि डोक्यात जागा उरली नसेल तर सॉरी. मी त्याला एक वाक्य सांगायचं आणि त्यानं ते तसंच्या तसं, पुन्हा पुन्हा, न कंटाळता करायचं. आयुष्यात पहिल्यांदा कुणीतरी माझं इतकं नीट ऐकत होतं. आज हे लिहिताना हसू येतं, पुढं तीस वर्षं मी ह्याच कामावर पोट भरलं आणि न ऐकणारी यंत्रंही पुष्कळ पाहिली, पण तेव्हा माझ्या अंगावर खरोखर काटा आला होता.

पहिल्यांदा आम्ही प्रत्येक घरासाठी एक किंवा शून्य लिहीत गेलो. सहा हजारांवर घरं. हत्तीचे पाय आणि पोट झालं आणि यंत्र सॉरी म्हणालं. मामांनी हात टेकले, म्हणाले चित्र लहान करू. नायना म्हणाले, हत्ती लहान कशाला, वाचतो तसं लिहा की. मला लगेच कळलं. सोड चाळीस, घे बारा एवढ्या दोन आकड्यांत बावन्न घरं बसत होती. यंत्राला मी तेवढंच शिकवलं, पहिला आकडा सोडायचा, दुसरा उजळायचा, तिसरा सोडायचा. सगळा हत्ती निम्म्या जागेत मावेल असा हिशेब निघाला. मामा स्वतः इंजिनीअर माणूस, त्यांनी नायनांच्या पाया पडल्यासारखं केलं, आणि नायना गंभीर चेहऱ्यानं म्हणाले, आम्ही कितीतरी वर्षं हेच करतोय.

मग दोन दुपारी आमचा उलटा संसार चालला. बोटं माझी चालत होती म्हणून वाचायला नायना बसले. चष्मा नाकावर, पट्टी कागदावर, सोड सोळा, घे चार. वाचायची त्यांना सवय नव्हती, सूर सारखा चढायचा. मी भिंतीकडे तोंड करून, कॉम्प्युटरपुढं बसलेली, ऐकलेली ओळ आधी वहीत उतरवायची आणि मग कळांवर. मागं दारात अम्मा विड्या वळत होती. दुसऱ्या दुपारी मध्येच माग थांबले आणि काच काळी झाली, पण तोवर मामांनी टेपवर साठवलं होतं. शेवटची ओळ झाली तेव्हा गुरुबसप्पा कारखानदार आले होते, त्यांच्या चादरींचं काम आमच्याकडे होतं. खोलीत उभं राहायला जागा नव्हती. मी हुकूम दिला.

हत्ती खालून वर यायला हवा होता. तो वरून खाली येऊ लागला. आधी काचेच्या वरच्या कडेला चार पाय लटकले, मग पोट, मग खाली डोकं घालून अंबारी. हत्ती पाय आकाशाकडे करून पाठीवर पडला होता. गुरुबसप्पा म्हणाले, ‘मास्तर, ह्यो तर उताणा पडला की.’ आणि हसले. वाईट हेतूनं नाही हसले, पण नायनांचा चेहरा मी पाहिला. पंचिंगवाल्याच्या घरात नक्षी उलटी येणं म्हणजे काय, ते पंचिंगवाल्यालाच ठाऊक. चूक आमचीच होती आणि अशी चूक आमच्यासारखीच माणसं करणार. कापड मागावर खालून वर वाढतं, म्हणून आमची पहिली ओळ कायम कागदाच्या तळाची. ह्या यंत्राची पहिली ओळ माथ्याची होती. मामांना हे ठाऊक होतं, पण आम्ही तळापासून वाचतोय हे त्यांच्या ध्यानातच आलं नाही.

नायना खिडकीशी गेले. कागद नीट टाचला. पट्टी वरच्या ओळीवर ठेवली आणि म्हणाले, ‘चल, पहिल्यापासून घेऊ.’ त्यांच्या हिशेबी दुसरा मार्गच नव्हता. एकदा एका मोठ्या चादरीची कार्डं अशी उलटी झाली होती, तेव्हा त्यांनी सगळी फाडून महिनाभर पुन्हा ठोकली होती. मी म्हणाले, नायना, थांबा जरा. यंत्र ओळी शून्यापासून मोजायचं, म्हणून जिथं ओळीचा आकडा होता, तिथं मी सत्तेचाळीसातून तो वजा करायला सांगितलं. एकच ओळ बदलली. बाकी आकड्यांना हात लावला नाही. पुन्हा हुकूम दिला, आणि काचेच्या तळाशी पाय टेकले, त्यांच्यावर पोट चढलं, पोटावर अंबारी, आणि हत्ती उभा राहिला.

नायना हळूच खाली बसले. ‘परत पाड,’ ते म्हणाले. मी पाडला. ‘उभा कर.’ केला. मग त्यांनी तोंड उजवीकडून डावीकडे करता येतं का विचारलं, तेही झालं. चार-पाच वेळा त्यांनी तेच करायला लावलं. पुठ्ठ्याचा एक तुकडा वाया गेला नव्हता. त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं आणि ते पुसायचंही त्यांना सुचत नव्हतं. मलाही रडू येत होतं, आणि बरोबर भीतीही वाटत होती, कारण त्या एका ओळीत त्यांचे कितीतरी महिने मावत होते.

शेवटी हत्ती होता तसा उभा केला तेव्हा त्यांचं बोट काचेवर गेलं. सोंड तुटली होती. तिथली एक अख्खी ओळच दोन घरं डावीकडे सरकली होती. मामा म्हणाले, यंत्र चुकत नाही बावा, आकडाच चुकीचा गेला असणार. मला वाटलं माझं बोट चुकलं. अठ्ठेचाळीस ओळी तपासायच्या म्हणून मी वही ओढली. तेवढ्यात मागून अम्माचा आवाज आला.

‘एकविसावी ओळ बघा. तिची बेरीज एकशे सव्वीसच झाली होती.’

ती विडी वळतच होती. नायनांनी कागदावर तळापासून एकविसावी ओळ मोजली. कागदावर सुरुवातीला सोळा कोरी घरं होती. वहीत चौदा होते. चुकीचं त्यांनी वाचलं होतं. ते पट्टी हातात धरून तसेच बसून राहिले. अम्मा म्हणाली, ‘बाकी सगळ्या एकशे अठ्ठावीसच्या भरल्या. मला वाटलं, त्या यंत्राला ही तशीच लागत असेल.’

सगळे वळून तिच्याकडे बघू लागले तेव्हा ती संकोचली आणि सुपातली पानं सारखी करू लागली. शाळेत एक दिवसही न गेलेली बाई. नायनांनी विचारलं, तू कधीपासून मोजतेस. ती म्हणाली, धाकटे भाऊजी वाचायचे तेव्हापासून. कान उघडेच असतात, जुडी मोजते तशी ओळही मोजली जाते. नायना म्हणाले, तो चुकायचा तेव्हा कधी बोलली नाहीस. अम्मानं वर पाहिलं. ‘दोनदा बोलले होते. तुम्ही म्हणालात, तू विड्या बघ.’

नायनांना ते आठवलं असावं, कारण त्यांनी मान खाली घातली. गुरुबसप्पा चप्पल शोधायच्या निमित्तानं बाहेर गेले. अम्मानं सूप बाजूला ठेवलं, हात पदराला पुसले आणि उठून तसबिरीमागचा फॉर्म काढला. तो तिनं नायनांच्या मांडीवर ठेवला. ‘सही करा,’ ती म्हणाली. ‘वाचायचं मी बघते.’

नायनांनी मामांचं पेन मागून घेतलं आणि सही केली. मग खिडकीतली जागा रिकामी करून ते बाजूला झाले. अम्मा तिथं जाऊन बसली, पट्टी कशी धरायची ते तिला कुणी दाखवलं नाही, आणि तिनं एकविसावी ओळ वाचायला सुरुवात केली. सोड सोळा. आवाज बारीक होता, पण कुठं अडखळला नाही. मी कळांवर बोटं ठेवली. दोन दिवस मी त्या यंत्राकडे आ वासून बघत बसले होते, आणि दोन्ही दिवस माझी पाठ अम्माकडे होती.